पाँटून बोटीच्या ओबीएमला (आउटबोर्ड इंजिनाला) कोणता पंखा घ्यावा? ४० एचपी, उकाई जलाशय

दांडियाबाजारी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. बोटींशी आजवर काही संबंध नव्हता. माझ्या मेहुण्याने भागीदारीत उकाईच्या जलाशयात पिंजऱ्यातली मत्स्यशेती सुरू केली आहे, पंगस आणि तिलापिया. खाद्याच्या गोण्या आणि माणसं पिंजऱ्यांपर्यंत न्यायला त्यांनी पाँटून बोट बांधून घेतली. अ‍ॅल्युमिनियमचे दोन नळे, वर सपाट डेक, मागे बाहेरून टांगलेलं ४० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. इंजिन जुनं घेतलं आहे, आधी ते एका फायबरच्या हलक्या स्पीडबोटीवर होतं.

अडचण अशी की भरलेली बोट पुढे सरकायलाच मागत नाही. इंजिन घुमतं, थरथरतं, पेट्रोल पितं आणि बोट रांगते. मेहुणा म्हणतो इंजिन लहान पडतंय, ६० एचपी घेऊ. त्याने कर्ज काढून धंदा उभा केला आहे, आणखी दोन-अडीच लाखांत उतरण्याआधी नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. सोनगडच्या एकाने सांगितलं, पंखा बदलून बघा. पण कोणता? पंख्याच्या बोंडावर (मधल्या जाड भागावर) ११ १/२ × १३ असं कोरलेलं आहे, एवढंच मला ठाऊक.

---

काठावरचा | सोमवार, रात्री १०:२५

मांडवा-अलिबागच्या बाजूला तीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली, त्या भरवशावर लिहितो. इंजिन विकू नका, घेऊही नका. आधी एक आकडा द्या. नेहमीचा भार भरून, पूर्ण थ्रॉटल देऊन, सपाट पाण्यात इंजिन किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) जातं? तो आकडा असल्याशिवाय पंखा सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय असं समजा.

कोरलेल्या आकड्यांतला पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, स्क्रू लाकडात शिरावा तसा, किती पुढे जाईल ते. तुमचा १३चा आहे. हलक्या स्पीडबोटीला तो बरोबर होता. तुमच्या गोण्यांच्या बोटीला तो म्हणजे भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये घाट चढवणं.

इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची आरपीएमची मर्यादा दिलेली असते. ती बघून सांगा.

---

दांडियाबाजारी | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, पुस्तकात ५००० ते ६००० आहे. गिअर रेशो २, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे झाले की पंख्याचा एक. बोटीला मीटर नाही, आरपीएम मोजायचा टॅकोमीटर मिळवतो आणि शनिवारी जाऊन मोजतो.

---

रत्नागिरीची_होडी | मंगळवार, दुपारी १:१५

मोजत बसण्यापेक्षा सरळ स्टेनलेस स्टीलचा घ्या. पातं पातळ असतं, वाकत नाही, पाणी छान धरतं. आमच्या बोटीला लावल्यावर फरक लगेच जाणवला होता.

---

तापीकाठ | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

मी नवापूरचा. उकाईचं फुगवटा पाणी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातपण येतं, त्यामुळे हे पाणी माझ्या ओळखीचं आहे. धरण १९७२ साली पूर्ण झालं, तेव्हा बुडालेल्या जमिनीवरची खोडं अजून खाली उभी आहेत. पावसाळ्यानंतर त्यांच्यावरून बोट बिनघोर जाते. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की तीच खोडं वीत-दोन वीत खाली असतात आणि दिसत नाहीत. आमचे दरवर्षी पंखे जातात. स्टीलचा पंखा खोडावर आपटला तर पंख्याला काही होणार नाही, पण मार आत गिअरला आणि शाफ्टला बसतो. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं आणि गिअर वाचतो. ह्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच घ्या आणि दोन घ्या.

---

काठावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

तापीकाठ यांच्याशी सहमत. होडीताई, रत्नागिरीला खोल पाणी आणि वेगाची बोट, तिथे स्टील शोभतं. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या पाँटूनला त्या पातळ पात्याचा फायदा फारसा मिळत नाही आणि किंमत दुप्पट-तिप्पट. पंख्याच्या मध्यात बसवलेला रबरी हब थोडा धक्का झेलतो हे खरं, पण सगळा नाही.

---

रत्नागिरीची_होडी | मंगळवार, रात्री १०:१०

बुडालेल्या झाडांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग अ‍ॅल्युमिनियमच योग्य.

---

सयाजीबागेतली | बुधवार, सकाळी ११:२०

मीही बडोद्याचीच, मेकॅनिकल इंजिनिअर. पंख्याआधी बोटीचं वजन विचारते. नळ्यांचा व्यास आणि लांबी किती, बोट इंजिनासकट किती किलोची, आणि एका फेरीत नक्की काय काय जातं?

---

दांडियाबाजारी | बुधवार, रात्री ८:४५

ताई, नळे ६० सेंमी व्यासाचे, साडेसहा मीटर लांब. बोट इंजिनासकट साधारण ९०० किलो. ३५ किलोच्या २० गोण्या आणि सहा माणसं.

---

सयाजीबागेतली | बुधवार, रात्री ११:००

एका नळ्याचं घनफळ १.८४ घनमीटर, म्हणजे दोन्ही पूर्ण बुडाले तर साधारण ३.७ टन पाणी सारतात. तुमचं एकूण वजन ९०० + ७०० + ४२० = २०२० किलो. म्हणजे नळे ५५ टक्के बुडालेले, आणि पुढची टोकं निमुळती असतील तर त्याहून थोडे जास्तच. नळे भाराखाली अर्ध्यापेक्षा जास्त बुडू नयेत, असं मी मानते. अर्ध्याच्या वर गेलं की पाणी डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर आपटायला लागतं, विरोध एकदम वाढतो, आणि वाऱ्याने लाट उठली तर पुढचं टोक खाली जातं. एका फेरीत १२ गोण्या न्या. मग १७४० किलो होतात आणि नळे ४७ टक्क्यांवर येतात. फेरी एक वाढेल, पण बोट पाण्यावर राहील.

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तलावात बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या दिवसापासून बोटीत किती भार हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. पंख्याने जास्तीचा भार ओढता येतो, पण जास्तीच्या भाराला तरंगवता येत नाही. सहाही माणसांना लाइफ जॅकेट आहेत ना?

---

दांडियाबाजारी | गुरुवार, सकाळी ७:३०

ताई, जॅकेटं चार होती. आणखी चार आज मागवली. १२ गोण्यांचं मेहुण्याला रात्रीच फोनवर सांगितलं, तो तयार झाला.

---

दांडियाबाजारी | रविवार, रात्री ९:१५

काल उकाईला जाऊन आलो. स्पार्क प्लगच्या वायरीवर वळसे घालून लावायचा टॅकोमीटर नेला होता. पहिलंच वाचन ९२०० आलं! मीटर बिघडला समजून तासभर घालवला. मग कळलं की ह्या इंजिनात प्लग प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतो आणि मीटर फोर-स्ट्रोकवर, म्हणजे दोन फेऱ्यांना एक ठिणगी असा लावलेला होता. सेटिंग बदलल्यावर खरे आकडे मिळाले. वेग मोबाइलच्या जीपीएसवर, जाताना आणि येताना मोजून सरासरी काढली.

२० गोण्या, ६ माणसं: ४६०० आरपीएम, ताशी १९ किमी.
१२ गोण्या, ६ माणसं: ४८०० आरपीएम, ताशी २० किमी.
रिकामी, २ माणसं: ५०५० आरपीएम, ताशी २३ किमी.

पंखा काढून दुकानात घेऊन आलोय.

---

काठावरचा | रविवार, रात्री १०:००

शाबास. आता बोलता येतं. १२ गोण्यांनाही इंजिन ५०००च्या खाली दबलेलं आहे. असं दाबून चालवलं की काजळी धरते, पिस्टनवर ताण येतो, इंजिन तापतं, आणि मालक म्हणतो इंजिन लहान पडलं. लहान नाही पडलं, त्याला श्वास घेऊ दिला नाही.

पिच एक इंच कमी केला की पूर्ण थ्रॉटलला साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. कामाच्या बोटीला भरलेल्या अवस्थेत मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे ५५००च्या पुढे जायला हवं, आणि रिकामी असताना ६००० ओलांडू नये. तुम्हाला ७०० हवेत. ९ किंवा १० पिच. ११ नका घेऊ, अर्धवट होईल.

पिच कमी करताना व्यास मात्र थोडा वाढू द्या. मंद आणि जड बोटीला मोठं पातं हवं, खूप पाणी हळू ढकलणारं. १२ इंचांच्या आसपासचा मिळाला आणि पंख्यावरच्या सपाट प्लेटला पातं घासत नसेल तर तो घ्या. घेताना स्प्लाइनचे (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दाते मोजा आणि पंख्याच्या पुढचा जुना थ्रस्ट वॉशर जपून ठेवा. तो बसवायचा राहिला तर नवा पंखा थेट गिअरकेसवर घासतो.

---

सयाजीबागेतली | रविवार, रात्री ११:४०

स्लिप काढून बघितली. आरपीएम भागिले गिअर रेशो, गुणिले पिच इंचांत, गुणिले ०.००१५२४, म्हणजे पंखा अजिबात घसरला नाही तर ताशी किती किलोमीटर जाईल ते. १२ गोण्यांना २४०० × १३ × ०.००१५२४ = ४७.५. प्रत्यक्षात २०. म्हणजे ५८ टक्के घसरण. पाँटूनला घसरण हलक्या बोटीपेक्षा जास्त असतेच, पण ५८ मलाही फार वाटते. पात्यात काही दोष आहे का, ते दुकानात तपासा.

---

दांडियाबाजारी | मंगळवार, रात्री १०:२०

ताई, तुमचा संशय खरा निघाला. हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंखा रोटरी टेबलवर मध्यात बांधला. केंद्रापासून १०२ मिमीवर, म्हणजे त्रिज्येच्या साधारण सत्तर टक्क्यांवर, प्रत्येक पात्यावर मार्करने कमान काढली. हाइट गेजचं (उंची मोजायच्या उपकरणाचं) टोक कमानीच्या एका टोकाला टेकवलं, टेबल ४० अंश फिरवलं आणि उंचीतला फरक घेतला. ४० अंश म्हणजे पूर्ण फेऱ्याचा नववा भाग, म्हणून फरकाला ९ने गुणलं की पिच. १३ इंच म्हणजे ३३०.२ मिमी, तर फरक ३६.७ यायला हवा.

पहिलं पातं ३६.५. दुसरं ३६.८. तिसरं ३२.१! म्हणजे तिसऱ्याचा पिच ११.४ इंच. डोळ्यांना काही दिसत नाही, हात फिरवला तर कडेला किंचित लाटेसारखं लागतं. कधीतरी खोडावर बसलेलं असणार आणि कुणीतरी हातोडीने सरळ केलेलं. थरथर त्याचीच. दोन पाती एक म्हणतात, तिसरं दुसरंच, आणि मधला शाफ्ट ते सहन करत फिरतो.

रोटरी टेबल नसेल त्यांनी कागदावर ४० अंशांचा कोन काढून, सपाट काचेवर पंखा ठेवून, पट्टीने मोजलं तरी वाकलेलं पातं सापडेल.

एक विचार मनात आहे. माझ्या ओळखीची फाउंड्री आहे. त्यांच्याकडून ९ पिचचा ओतून घेऊ का?

---

काठावरचा | मंगळवार, रात्री १०:५५

नका. ओतलेल्या पंख्यात तीन पाती एका पिचची यायला साचा आणि नंतरचं घासकाम अचूक लागतं, आणि धातू योग्य नसला तर पातं मुळाशी मोडतं. तुम्ही आत्ताच पिचमधला दीड इंचाचा फरक मोजू शकलात, म्हणून तुम्हाला मनापासून सांगतो, तयार घ्या. शक्य असेल तर एखाद्या दुकानदाराकडून ९ आणि १० दोन्ही चाचणीला मागा. न लागलेला स्वच्छ परत करायचा, असं ठरवून.

---

तापीकाठ | बुधवार, सकाळी ६:४०

चार पात्यांचा विचार केला का? वाऱ्यात पिंजऱ्याला बोट लावताना आमचा तीन पात्यांचा वळणावर हवा ओढतो. इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट जागेवर.

---

काठावरचा | बुधवार, सकाळी ९:१५

ते हवा ओढणं, व्हेंटिलेशन. पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्टचा वायू पात्यात शिरतो. कॅव्हिटेशन वेगळं, तिथे पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी थंडच उकळतं, आणि धातूवर बारीक खड्डे पडतात.

हवा ओढत असेल तर पंखा बदलण्याआधी इंजिनाची उंची बघा. पंख्यावरची सपाट प्लेट बोट धावताना पाण्याखाली राहिली पाहिजे. पाँटूनमध्ये दोन नळ्यांच्या मधून फेसाळलेलं पाणी मागे येतं, त्यात पंखा आला तर कितीही पाती लावा. इंजिन मागच्या फळीवर एक भोक खाली बसवून बघा.

चार पाती पाणी जास्त घट्ट धरतात, रिव्हर्सला चांगली आणि मंद वेगात बोट हातात राहते. वरच्या टोकाला थोडे आरपीएम जातात, म्हणून तीनवरून चारवर जाताना पिच एक इंच कमी घेतात. दांडियाबाजारी यांनी आधी तीन पात्यांनी बघावं. तेवढ्याने भागलं तर खर्च वाचतो.

---

दांडियाबाजारी | बारा दिवसांनंतर, सोमवार, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, आकडे घेऊन आलोय. सुरतेच्या एका दुकानदाराने ९ आणि १० दोन्ही दिले, एक परत करायच्या बोलीवर. काकांच्या सांगण्यावरून इंजिन आधी एक भोक खाली बसवलं. प्रत्येक वेळी १२ गोण्या, तीच सहा माणसं, टाकी अर्धी, सकाळी वारा सुटायच्या आत.

१० पिच: भरलेली ५४००, ताशी २२. रिकामी ५७००.
९ पिच: भरलेली ५६००, ताशी २२.५. रिकामी ५९००.

९ला स्लिप ४१ टक्के निघाली. थरथर गेली. मेहुणा थ्रॉटलवर होता. त्याने मागे वळून पाण्याची रेघ बघितली आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. ६० एचपीचा विषय त्याने परत काढलेला नाही.

आता दोन्हीतून एक निवडायचा आहे. रिकामी ५९०० म्हणजे ६०००च्या फार जवळ. १० ठेवू की ९?

---

सयाजीबागेतली | सोमवार, रात्री १०:३०

मी १० म्हटलं असतं. रिकामं परत येताना इंजिन शांत राहील.

---

काठावरचा | सोमवार, रात्री ११:०५

मी ९ म्हणतो. तुम्ही थंडीत मोजलंत. मे महिन्यात ४२ अंशांची हवा विरळ, इंजिनाची ताकद उतरते. शंभर-दोनशे आरपीएम कमी दिसतील, आणि तोवर नळ्यांवर शेवाळही चढलेलं असेल. १० पिच तेव्हा ५२००-५३००वर येईल. ९ तेव्हाही ५४००-५५००ला राहील. रिकामं येताना थ्रॉटल हाताने मागे घेता येतं, भरलेलं जाताना नसलेली ताकद पुढे ढकलता येत नाही.

उंचीवरच्या तलावात हेच आणखी जाणवतं. दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद जाते. महाबळेश्वरच्या उंचीला ४० एचपीतले पाच एचपी गेलेच समजा. उकाईचं पाणी पूर्ण भरल्यावर १०५ मीटरवर, तिथे तो हिशेब नाही, पण उन्हाळ्याचा आहे.

---

सयाजीबागेतली | मंगळवार, सकाळी ९:००

उन्हाळ्याचा मुद्दा पटला. ९ ठेवा.

---

तापीकाठ | मंगळवार, रात्री ८:१०

९ लावलात तरी दुसरा बोटीतच ठेवा, किनाऱ्यावर नाही. सोबत नट, कॉटर पिना, पाना, पक्कड आणि लाकडाचा एक ठोकळा. नट सोडताना पातं आणि वरची प्लेट यांच्यात ठोकळा अडकवायचा म्हणजे पंखा फिरत नाही. आणि हात घालण्याआधी किल्ली काढून खिशात, किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी ओढलेली, गिअर न्यूट्रलमध्ये. आमच्याकडे एकाची दोन बोटं ह्याच घाईत गेली.

पिंजऱ्यांच्या आसपास तंगूस (नायलॉनचा दोरा) तरंगत असतो. दर पंधरा दिवसांनी पंखा काढून वॉशरच्या मागे बघा. तिथे तंगूस गुंडाळला की तेलाचा सील कापतो, गिअरमध्ये पाणी जातं आणि तेल ताकासारखं पांढरं होतं.

---

दांडियाबाजारी | शनिवार, रात्री १०:१५

९ कायमचा बसवला, १० सुटा म्हणून विकतच घेतला. मे सोडला तर तोही चालेल. शाफ्टला मरीन ग्रीस लावून बसवला. रोजच्या फेऱ्यांना १८ लिटर पेट्रोल लागायचं, ह्या आठवड्यात फेरी एक वाढूनही १५ लागलं.

तापीकाठ, सील उघडून बघितला. तुम्ही म्हणालात तसाच तंगूस होता, चार वळसे, जुना, काळा पडलेला. सील अजून शाबूत आहे, तेल स्वच्छ निघालं.

आणखी एक केलं. रबरी हब आतल्या आत घसरला तर इंजिन फिरतं आणि पंखा मागे राहतो, आणि बाहेरून काही कळत नाही असं वाचलं. म्हणून आतल्या पितळी बुशपासून रबरावरून बाहेरच्या बोंडापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की हब घसरला. मेहुण्याच्या पोराला दाखवून ठेवलं आहे, रोज सकाळी गोण्या चढवण्याआधी तो बघतो.

---

तापीकाठ | शनिवार, रात्री १०:४०

रेघेची युक्ती उद्याच करतो. माझ्याकडे खोडांवर बसलेले तीन पंखे पडून आहेत, कोणता दुरुस्तीला पाठवण्याजोगा आहे ते कळत नाही. मोजून द्याल का?

---

दांडियाबाजारी | शनिवार, रात्री १०:४५

पुढच्या रविवारी सोनगडला येतोय. तिन्ही तिथे आणून ठेवा, मी बडोद्याला नेऊन मोजतो आणि प्रत्येक पात्यावर पिच मार्करने लिहून परत पाठवतो.